भाडेकरूही नव्हे, मालकही नव्हे

(डोलवी परिसरातील पक्ष कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



या बैठकीचे निमंत्रण देताना तुम्ही मला विषय दिला होता 'कंत्राटी कामगार आणि संघटना' हा. तो थोडा बदलून घेण्याची परवानगी मी मागितली. कारण असे की, या भागातील कामगारांच्या ज्या ज्या बैठकीला मी बसलो, त्या प्रत्येक बैठकीत वेतनाचा विषय संपला आणि चहा आला की माणसे बोलू लागतात ती खोलीविषयी. खोलीचे भाडे वाढले. मालक पावती देत नाही. अकरा महिने भरले, आता दुसरीकडे पाहा म्हणाला. गावाकडून बायको-मुले आणली तर पाण्याचे वेगळे पैसे मागितले. कारखान्याच्या फाटकाच्या आतले प्रश्न आपण मागणीपत्रात लिहितो. पण पाळी संपवून बाहेर पडलेला माणूस पाठ कोठे टेकतो, हा प्रश्न आपल्या एकाही मागणीपत्रात मला सापडला नाही.

डोलवीचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास तुम्हाला मी सांगावा असे नाही. १९९० नंतरच्या दशकात येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. २०१० च्या अखेरीस त्याची मालकी बदलण्याचा व्यवहार झाला. पुढे त्याची क्षमता वर्षाला ५० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. धरमतरच्या खाडीतून कोळसा आणि खनिज येते, महामार्गाने पोलाद जाते, आणि या दोन्हींच्या मध्ये कोठून कोठून आलेली माणसे डोलवी, वडखळ, गडब, कासू या पट्ट्यात खोल्या शोधीत फिरतात. कारखान्याची वसाहत आहे, पण ती कायम नोकरीतल्या थोड्यांसाठी. कंत्राटदाराच्या हजेरीपटावरचा माणूस गावात राहतो, म्हणजे आपल्यात राहतो.

आणि येथेच अवघड गोष्ट सुरू होते. ती प्रारंभीच बोलून टाकलेली बरी. या सभेत बसलेल्यांपैकी निदान काहींच्या परसात पत्र्याच्या पाच-सहा खोल्यांची ओळ आहे. माझ्या सख्ख्या मेहुण्याच्याही आहेत. म्हणजे ज्या कामगाराची संघटना आपण बांधू पाहतो, त्याच कामगाराचे घरमालक आपण आहोत. सभेत आपण त्याला 'साथी' म्हणतो आणि महिन्याच्या पाच तारखेला त्याच्या दारात उभे राहतो. यात कोणी लाज बाळगावी असे मी म्हणत नाही. ज्याची जमीन गेली, हाती एकदाच रोख रक्कम आली, मुलाला कायमची नोकरी मिळाली नाही, त्याने त्या रकमेच्या खोल्या बांधल्या, कारण दुसरे निवृत्तिवेतन त्याला कोण देणार होते? पण ही गोष्ट झाकून ठेवून या भागात कामगार चळवळ उभी राहील, असे मानणे ही स्वतःची फसवणूक आहे.

भाड्याच्या घराविषयी आपला पक्ष आजवर जे बोलत आला ते मुख्यतः मुंबईतल्या जुन्या चाळींच्या भाडेकरूंविषयी. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्या भाडेकरूला फार मोठे संरक्षण दिले, यात शंका नाही. ते संरक्षण नसते तर गिरणगाव कितीतरी आधी उठले असते. परंतु भाडे गोठले तशी मालकांनी दुरुस्तीही सोडून दिली, पागडीचा काळा व्यवहार वाढला, आणि १९९९ च्या नव्या कायद्याने त्या पागडीला मान्यताच देऊन टाकली. त्याच कायद्यात 'अनुमती आणि परवाना' या पद्धतीचीही सोय आहे. परवान्यावर राहणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने भाडेकरूच नसतो, मुदत संपली की तो बिनहक्काचा. वडखळच्या कामगाराला तर बहुधा तेवढाही कागद मिळत नाही. चाळीतल्या भाडेकरूच्या लढ्यातून जे मिळाले त्यातले काहीही त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाही.

२०२० च्या टाळेबंदीत हे सारे उघड्यावर आले. भाडेवसुली तीन महिने पुढे ढकलावी, असे राज्य सरकारने त्या एप्रिलमध्ये मालकांना कळविले. ज्याच्याकडे पावतीच नाही तो ते पत्रक कोणाला दाखवणार? माणसे या महामार्गाने पायी निघाली त्याचे कारण केवळ भुकेची भीती हे नव्हते. पुढच्या महिन्याच्या भाड्याची भीतीही त्यात होती. त्याच वर्षाच्या जुलैमध्ये केंद्र सरकारने स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. त्या योजनेतले एखादे घर या पट्ट्यात कोणी पाहिले असेल तर मला जरूर सांगा, मी पाहायला येईन.

मग मालकीचे घर? हिशेब करून पाहू. समजा, खोलीचे भाडे महिना ४,००० रुपये आहे आणि ते कधीच वाढत नाही. दहा वर्षांत एक कुटुंब ४,८०,००० रुपये भरते आणि शेवटच्या दिवशी ते पहिल्या दिवसाइतकेच उपरे असते. अशी चाळीस कुटुंबे धरली तर दहा वर्षांत १ कोटी ९२ लाख रुपये होतात. म्हणजे हा कामगार घरासाठी पैसे देऊ शकत नाही हे खरे नव्हे. तो देतोच आहे. पण घर 'विकत' घ्यायचे म्हटले की बँक पगाराची चिठ्ठी मागते, जामीन मागते आणि आरंभी एकरकमी पैसे मागते. कंत्राट दरवर्षी बदलणाऱ्याला वीस वर्षांचे कर्ज कोण देणार? आणि दिले, तरी कंत्राट सुटल्यावर हप्ता कोण भरणार? एंगल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लेखमाला लिहिली तेव्हा नेमका हाच धोका दाखवला होता. कर्जाच्या घराने बांधलेला कामगार मजुरीची घासाघीस करताना दुबळा पडतो, कारण तो गाव सोडून जाऊ शकत नाही. हप्ता डोक्यावर असलेला माणूस संपाच्या ठरावाला हात वर करताना तीनदा विचार करतो, हे संघटनेचे काम केलेल्या कोणालाही माहीत आहे.

याउपर तिसरी एक वाट आहे. ती नवी नाही, परदेशातून कालपरवा आणलेली नाही. आपल्याच मुंबईत तिला शंभराहून अधिक वर्षे झाली. १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची मुभा मिळाली, आणि १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिच्या पाठीमागचे गृहस्थ. लंडनजवळ ईलिंग येथे १९०१ पासून चाललेल्या भाडेकरूंच्या सहकारी संस्थेसारखे नमुने तेव्हा या मंडळींसमोर होते. या नमुन्याचे मर्म लक्षात घ्या. जमीन संस्थेची, इमारतही संस्थेची. सभासद भाग घेतो, संस्थेत मत देतो, संस्थेला भाडे भरतो आणि राहतो. आपल्या घराचा तो एकटा मालक नसतो, पण त्याला घराबाहेर काढणारा दुसरा मालकही कोठे नसतो. सगळे मिळून मालक आणि प्रत्येक जण भाडेकरू. याला 'भाडेकरू सहभागीदारी' असे नाव आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली १९६१ मध्ये जे नियम झाले, त्यांत गृहनिर्माण संस्थांचा हा एक स्वतंत्र वर्ग म्हणून नोंदलेला आहे.

मग हे घर गेले कोठे? गमतीची गोष्ट अशी की ते कागदावर कोठेच गेलेले नाही. मुंबई-पुण्यातल्या अनेक सदनिका-संस्थांच्या नोंदणीपत्रावर आजही 'भाडेकरू सहभागीदारी' हाच वर्ग लिहिलेला असतो. तेथे राहणाऱ्याला ते सांगितले तर तो हसेल, कारण त्याने सदनिका बिल्डरकडून विकत घेतलेली असते आणि उद्या ती बाजारभावाने विकायची असते. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने बिल्डरवर बंधने घातली हे चांगलेच झाले, पण घर ही सुटी सुटी विकायची वस्तू आहे, हेही त्या कायद्याने गृहीत धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली रमेश हिमतलाल शाह यांच्या खटल्यात निर्णय दिला की अशा संस्थेतील सभासदाचा राहण्याचा हक्क ही जप्त करता येण्याजोगी, लिलावात विकता येण्याजोगी मालमत्ता आहे. कायदा जसा लिहिला होता तसा न्यायालयाने वाचला. पण जो राहण्याचा हक्क होता तो त्या दिवशी विक्रीचा माल ठरला. पुढे २००१ च्या सरकारी आदेशांनी संस्थेला हस्तांतराच्या वेळी जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतील असे ठरवले. सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देत असेल, तर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपलीकडे संस्थेने काही मागू नये असेही ठरले. घराची किंमत कोटीने वाढो, भाडे लाखाने येवो, संस्थेचा वाटा एवढाच. उरलेली सारी वाढ एकट्याची.

मी स्वतः सहा वर्षे अशा एका संस्थेचा चिटणीस होतो, म्हणून आतून सांगतो. सहा वर्षांत एकाही सर्वसाधारण सभेत 'सहकार' या शब्दावर चर्चा झाली नाही. पंप, पाण्याची टाकी, गाड्या लावण्याची जागा, कोणाच्या बाल्कनीतून कोणाच्या वाळवणावर पाणी पडते. सहकाराच्या नावाखाली आम्ही खाजगी मालमत्तेची सामुदायिक राखण करीत होतो. आणि ज्या जमिनीवर ती इमारत उभी होती ती तर संस्थेच्या नावावर झालेलीच नव्हती. बिल्डरने अभिहस्तांतरण करून न दिल्याने राज्यभर इतक्या संस्था अडकल्या की २००८ मध्ये कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. म्हणजे मालकी-मालकी म्हणून ज्याचा गजर करायचा, ती मालकीही पायाखाली नव्हती.

गावदेवीच्या त्या पहिल्या संस्थेचा गौरव करताना एक गोष्ट मात्र लपवू नये. ती एका ज्ञातीची संस्था होती. शहरात नव्याने आलेल्या ज्ञातिबांधवांना आधार, हा तिचा हेतू त्या काळाला धरून होता; परंतु आपली माणसे आत आणि बाकीचे बाहेर, ही खोड आपल्या गृहसहकाराला जन्मापासून लागली. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारी पोटनियमातली अट वैध मानली. कायद्याने ती वैध असेल; आपल्याला ती चालणार नाही. डोलवीत संस्था काढायची तर तिच्यात आगरी असेल, झारखंडचा असेल, मुसलमान असेल आणि कातकरीही असेल. कातकऱ्याचे नाव मी मुद्दाम घेतले. या जिल्ह्यातल्या कितीतरी कातकरी वाड्यांखालची जमीन आजही दुसऱ्याच्या नावावर आहे. घराच्या प्रश्नावर बोलताना परप्रांतीय आणि भूमिपुत्र अशी भांडणे लावली जातात, पण या भूमीवर सर्वांत आधीपासून असलेला माणूस आपण दोन्ही याद्यांतून वगळतो.

आता तुमच्या मनात जे आहे ते मला ठाऊक आहे. पेण तालुक्यात सहकाराचे नाव काढले की माणूस आधी खिसा चाचपतो. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले आणि ठेवीदारांच्या आयुष्याच्या शिलकी अडकल्या. त्यांनी पुढे किती वर्षे मोर्चे काढले, ते तुम्ही पाहिले आहे. तुमच्यातले काही त्या मोर्च्यात होते. तेव्हा सहकार पवित्र आहे, असे मी म्हणणार नाही. त्या प्रकरणातून मी घेतलेला धडा एवढाच की, ज्या संस्थेचे हिशेब सभासदाला डोळ्यांनी दिसत नाहीत, ती संस्था सहकारी म्हणून नोंदलेली असली तरी सहकारी नसते. बँकेत ठेवीदाराला फक्त पासबुक दिसते. चाळीस घरांच्या संस्थेत सभासद आपल्या ठेवीच्या आतच राहतो. भिंत किती जाड झाली, सिमेंट किती पोती आले, हे त्याच्या बायकोला रोज दिसते. तरीही दोन अटी मी घालीन. संस्थेने बाहेरच्या कोणाच्या ठेवी घ्यायच्या नाहीत आणि दरमहा हिशेब फळ्यावर लिहायचा.

आणि सहकार आपल्याला नवा नाही. तो नोंदणी कार्यालयातून आला असे आपण समजतो, हीच चूक आहे. वाशी-वढावच्या खारेपाटात बांध कोणी राखले? उधाणाचे पाणी शेतात शिरू नये म्हणून घरटी माणूस बांधावर उभा राहायचा. खांड गेली तर रात्री उठून चिखल लावायचा, उघाडीची फळी वेळेवर टाकायची. बांध एकाच्या शेताला लागून असला तरी फुटला तर सगळ्यांचे मीठ होणार, हे ज्ञान प्रत्येकाला होते. बांधाचा आपल्या वाट्याचा तुकडा बाजारात विकावा, असे कोणाच्या मनातही आले नसेल. मी सांगतो आहे ते घर त्या बांधासारखे आहे.

असे घर कामगारांनी खरोखर कोठे बांधले आहे काय? बांधले आहे. दक्षिण अमेरिकेत उरुग्वे नावाचा छोटा देश आहे. तेथे १९६६ च्या सुमारास राजधानीबाहेरच्या तीन लहान ठिकाणी याचे प्रयोग झाले, १९६८ मध्ये घरबांधणीचा कायदा झाला आणि १९७० मध्ये अशा संस्थांचा महासंघ स्थापन झाला. पद्धत सांगतो. सरकारी कर्ज मिळते ते संस्थेला, कुटुंबाला नव्हे. प्रत्येक कुटुंब आठवड्याला २१ तास बांधकामावर राबते. ही मेहनत हाच त्याचा आरंभीचा भाग. कोणाचे घर कोणते, हे बांधकाम पुरे होईपर्यंत ठरलेले नसते, म्हणून प्रत्येक भिंत सारख्याच काळजीने उभी राहते. मग कुटुंबाला कायमचा वापराचा हक्क मिळतो, तो वारसाला जातो. घर सोडायचे असेल तर भरलेला भाग संस्थेकडून परत मिळतो, पण घर बाजारात विकता येत नाही. हप्ता थकला तर संस्थेच्या मदतनिधीतून काही काळ भागवले जाते.

या गोष्टीचा पुढचा भाग आपल्यासारख्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९७३ मध्ये तेथे लष्करी हुकूमशाही आली. या सामुदायिक वसाहती तिच्या डोळ्यांत खुपत होत्या. १९८३ मध्ये त्या राजवटीने ठरवले की, या सहकारी घरांचे तुकडे करून ती एकेकाच्या खाजगी मालकीची करायची. विचार करा, सरकार सक्तीने घरे काढून घेत नव्हते. सक्तीने मालकी देत होते! कोणाला वाटेल, लोकांनी पेढे वाटले असतील. २६ फेब्रुवारी १९८४ या एका दिवसात, लष्करी राजवट चालू असताना, घरोघर फिरून तीन लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या, आम्हाला ही मालकी नको, असे सांगणाऱ्या. सगळा देश तीस लाख वस्तीचा. त्या कामगारांना ठाऊक होते की एकदा घर एकेकट्याचे झाले की पहिल्या आजारपणात ते सावकाराकडे जाईल, दुसऱ्यात बाजारात. आणि चाळीस घरांनी मिळून उभी केलेली बालवाडी आणि सभागृह कोणाचेच राहणार नाही. पुढच्या वर्षी ती हुकूमशाही गेली, आणि वापरहक्काच्या त्या संस्था आजही आहेत.

उरुग्वे फार दूर वाटत असेल तर सोलापूरला जाऊन या. तेथे कुंभारी गावाजवळ विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि २००६ मध्ये तिच्या चाव्या दिल्या गेल्या. गोदूताई परुळेकरांचे नाव तिला दिले आहे. खर्चाचा एक वाटा केंद्राचा, एक राज्याचा आणि एक विडी वळणाऱ्या बाईचा. पुढे त्याच धर्तीवर रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. तिच्यातली पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. ते घर बाईच्या नावावर, तिच्या मालकीचे आहे. म्हणजे मी सांगतो ती वाट नेमकी ती नव्हे. पण रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या बायका संस्था काढू शकतात, वर्षानुवर्षे तिचा पाठपुरावा करू शकतात आणि आपला वाटा भरू शकतात, याविषयी ज्याला शंका असेल त्याने ती शंका सोलापूरला सोडून यावी. आपला आणि त्यांचा पक्ष वेगळा म्हणून न जाण्याचे कारण नाही.

राहिला जमिनीचा प्रश्न, आणि तोच खरा प्रश्न आहे. २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू सुरू झाला, आणि जमिनीचे दलाल पेण तालुक्याच्या गावागावांतून सात-बारा गोळा करीत फिरत आहेत. संस्थेने या भावाने जमीन विकत घ्यायची म्हटले तर आजची बैठक येथेच संपवावी. म्हणून मी विक्री म्हणत नाही, भाडेपट्टा म्हणतो. जमीन गावकऱ्याचीच राहील. तो ती लांब मुदतीच्या पट्ट्याने संस्थेला देईल आणि वर्षाचे ठरलेले, दर काही वर्षांनी वाढणारे भुईभाडे घेईल. त्याच्या मुलाला घर हवे असेल तर तोही सभासद होईल. खोल्या बांधण्यासाठी त्याला कर्ज काढावे लागणार नाही, दर पाच तारखेला कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. उत्पन्न खोल्यांपेक्षा कमी येईल, हे मी लपवत नाही. पण जमीन राहील. नवी मुंबईत १९८४ च्या जानेवारीत, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. एवढ्या मोलाने मिळालेल्या त्या भूखंडांपैकी कितीतरी एकेकट्याने बिल्डरला दिले गेले, आणि त्यांवर जे उभे राहिले त्यात गावकऱ्याच्या वाट्याला एखाद-दुसरी सदनिका आली. ते भूखंड एकत्र ठेवून गावाने स्वतःची संस्था काढली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कायद्याची अडचण सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी फसलो म्हणायला नको. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे सहजी जात नाही, पट्ट्यानेसुद्धा नाही. तेव्हा आधी अकृषिक परवानगी, किंवा गावठाण विस्ताराची मागणी. हे काम कार्यकर्त्याच्या चपला झिजवणारे आहे.

त्याच कायद्यातले दुसरे एक कलम मात्र मला आवडते. खोताच्या जमुलमाविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमीन पडीक ठेवली, नारायण नागू पाटलांनी ते सारे निभावले, आणि त्याचे फळ म्हणून पुढे १९४८ चा कूळकायदा आला, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या कायद्यात कलम ४३ आहे. कुळाला मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येणार नाही, असे ते सांगत होते. तेव्हाच्या लोकांना समजत होते की, मिळालेली जमीन विकायला मोकळी ठेवली तर खोत मागच्या दाराने परत येईल. २०१४ मध्ये ही अट सैल केली गेली. खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीसपट रक्कम भरून जमीन मोकळी. आपल्यातल्या बहुतेकांनी त्या निर्णयाचे स्वागतच केले. मीही तेव्हा काही बोललो नाही.

आक्षेप पुष्कळ आहेत. एका तरुण साथीने मघाशी विचारले, म्हातारपणी विकायला काहीच नसेल तर माणसाने आयुष्यभर भरून मिळवले काय? मी म्हणतो, त्याने राहिलेली सगळी वर्षे मिळवली, कोणी घराबाहेर काढील या भीतीवाचून. आणि गावी परतताना त्याचा भाग त्याला परत मिळेल. पण हे उत्तर त्याला पटले नाही, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले. स्वतःच्या घराची ओढ ही केवळ बाजाराने शिकवलेली गोष्ट नाही. ज्याच्या बापाला कोणीतरी कधीतरी वाडीतून उठवले आहे, त्याला सात-बारावर स्वतःचे नाव पाहायचे असते. या ओढीला हिणवून आपले काम होणार नाही. मी एवढेच म्हणेन की, ज्याला मालकीचे घर घेता येते त्याने घ्यावे. मी बोलतो आहे ते ज्याला ते कधीच घेता येणार नाही त्याच्याविषयी, आणि तोच येथे बहुसंख्य आहे.

दुसरा आक्षेप, कंत्राटी कामगार आज आहे, उद्या नाही. हे निम्मे खरे आहे. कंत्राटदार बदलतात, माणसे पुष्कळदा तीच राहतात. येथल्या शाळांच्या हजेरीपटावर त्यांच्या मुलांची नावे पाहा. जो खरोखरच दोन वर्षांत जाणार आहे त्याच्यासाठीही संस्थेने काही खोल्या राखाव्यात, पावती देऊन, ठरल्या भाड्याने. कर्ज कोठून येईल, हा तिसरा आणि सर्वांत कठीण. राज्याचे सहकारी गृहवित्त महामंडळ एके काळी संस्थांना, एकेकट्या माणसाला नव्हे, कर्ज देत असे. कामगारांच्या संस्थांसाठी तशी कर्जे मिळाली पाहिजेत, ही मागणी आपल्या पक्षाने विधिमंडळात आणि बाहेर करावी लागेल. त्यावाचून दहा घरांपलीकडे आपण जाणार नाही, पण दहा घरे तरी होतील.

पुढच्या रविवारी आपण वडखळला बसणार आहोत. येताना प्रत्येकाने आपल्या वाडीतील खोल्यांची यादी आणावी. खोल्या किती, माणसे किती, भाडे किती, पावती मिळते की नाही, संडास किती जणांत एक. स्वतःच्या खोल्या असतील तर त्या यादीत पहिल्या लिहाव्यात. मी माझ्या मेहुण्याच्या सहा खोल्यांपासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्याने मला बसायलाही सांगितले नाही. परवा मात्र त्याने विचारले, पट्ट्याचा कागद नेमका कसा असतो, आणि तो वाचून दाखवायला मी कधी येईन.